तीनशे एकेचाळीस युनिट

९ एप्रिल, संध्याकाळी ७
विजेचं बिल आलं. ३४१ युनिट. दर परत वाढलेत. आधी वाटलं शेजारच्या प्रवीणचं बिल चुकून आपल्या दारात टाकलं. नाव वाचलं. माझंच.
रागाने चहा घेतला नाही. (नंतर घेतला, पण कोणाशी बोललो नाही.)
तक्रारीच्या नंबरला फोन. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा. चोवीस मिनिटं. शेवटी एक मुलगी म्हणते, सर, वापर कमी करा. हे मला सांगते! साजगावच्या कारखान्यात मी स्टोअर सुपरवायझर, शिवाय ऊर्जा बचत समितीत. ‘बटण बंद करा’ची स्टिकरं गेल्या वर्षी मीच वाटली.
पण मुलीचं एक खरं. वापर कमी करायला हवा. आता घरात वीज वापरतं कोण? बायको, आई, मुलगी. मी तर दिवसभर कामावर.

१० एप्रिल, सकाळी ८
सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. उभं राहून बोललो. म्हणालो, दर वाढले हे एका परीने बरंच झालं. खिशाला चिमटा बसला की माणसाला जबाबदारी कळते. आजपासून या घरात एकही युनिट वाया जाणार नाही.
पौर्णिमा कुकरकडे कान लावून बसली होती. आईने विचारलं, “म्हंजी टीव्ही पन बंद का रं?” सुप्रियाने हात वर केला. अकरावीची परीक्षा झाल्यापासून जरा जास्तच शहाणी झाली आहे. “पप्पा, तुमच्या खोलीतल्या एसीचं काय?”
तिला समजावलं. एसी सारखा चालू-बंद केला की उलट जास्त वीज खातो. म्हणून तो चालूच ठेवायचा. शिवाय माझी झोप झाली नाही तर बचतीचा विचार करणार कोण? पौर्णिमाचा खांदा एसीने आखडतो, म्हणून त्या तिघी हॉलमध्ये झोपतात. तीन माणसांत एक पंखा. ही बचत मी आधीच करून ठेवलेली आहे.
घरभर स्टिकरं चिकटवली. एकोणीस.

१२ एप्रिल, रविवार
मिक्सर बंद. चटणी पाट्यावर. पौर्णिमा म्हणाली, “मग तुम्हीच वाटा.” वाटली. अर्धं खोबरं जमिनीवर. दंड भरून आले. गिझर लावून चाळीस मिनिटं गरम पाणी घेतलं. हे औषधोपचारात धरायचं.

१४ एप्रिल
जयंती. वस्तीत रोषणाई. आजच्या दिवशी वस्तीला सूट दिली. कोणी मागितली नव्हती.

१६ एप्रिल
बाथरूमकडे जाणाऱ्या बोळातला बल्ब काढला. सात वर्षं या घरात राहतोय, डोळे मिटून जाता आलं पाहिजे. सुप्रिया म्हणाली, “नऊ वॉटचा आहे पप्पा. शंभर तास लावला तरी एक युनिट होत नाही.” पुस्तकी ज्ञान. संताप आला. बल्ब कपाटात ठेवून कुलूप लावलं.

१९ एप्रिल, दुपारी १
पहाटे साडेपाचला आई बोळात पडली. एसीसाठी दार लावलेलं, मला ऐकू आलं नाही. सुप्रियाने दार बडवलं तेव्हा उठलो.
खोपोलीला दवाखान्यात नेलं. डावं मनगट मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर.
राग कुठे ठेवू कळेना. असल्या गुळगुळीत लाद्या बसवणाऱ्या बिल्डरला आत टाकलं पाहिजे. त्यात दवाखान्यात एक केबिन रिकामी आणि आत एसी सुरू! डॉक्टरला तिथल्या तिथे सुनावलं. पौर्णिमाने शर्ट धरून मागे ओढलं. चार लोक बघत होते. बघू देत.
रिक्षात आई पौर्णिमाला म्हणाली, “त्याला बोलू नको गं. माजंच लक्ष नव्हतं.”
पौर्णिमा काही बोललीच नव्हती. आईच्या बोलण्याने मला जास्तच राग आला.

२० एप्रिल
संध्याकाळी कामावरून आलो तर बोळात उजेड. पौर्णिमाने नवा बल्ब आणून स्वतः स्टुलावर चढून लावला. मी म्हणालो, नियम ठरलेला आहे. ती हळूच म्हणाली, “आईंचा हात मोडला. नियम आता तुमच्यापाशी ठेवा.”
इतक्या वर्षांच्या संसारात असं उत्तर नाही! ताडकन म्हणालो, मग चालवा घर माझ्याशिवाय. पाचशे युनिट आले की बोलवाल. तोवर मी ताईकडे लोधिवलीला.
म्हणाली, “बरं.”
बरं!
बॅग भरली. आईने नुसतं बघितलं. शिळफाट्यावर शेअर रिक्षा भरायला वीस मिनिटं लागली. मागून कोणी आलं तर दिसावं म्हणून कडेला बसलो. कोणी आलं नाही.

२३ एप्रिल, लोधिवली
ताईकडे व्यवस्था चांगली. पाहुण्यांच्या खोलीत एसी. सोमा दाजींना बचतीचं महत्त्व सांगितलं. रोज इस्त्री कशाला, आठवड्याची एकदम करा. बेसिनवरचा दिवा कशाला. दाजी ऐकत होते. चांगला श्रोता.
घरून फोन नाही. म्हणजे परिस्थिती हाताबाहेर गेली असणार आणि सांगायची लाज वाटते.

२९ एप्रिल
सुप्रियाचा फोन. आजीची सूज उतरली, आजी पुरणपोळी मागते. मी विचारलं, आणि मीटर? म्हणाली, “रोज सकाळी फोटो काढते.” आवाज जरा दबलेला वाटला. बिचारी घाबरली आहे. आकडा विचारला नाही. भोगू देत अजून थोडे दिवस.

४ मे
अपमान! सकाळी मी अंघोळ करून आलो तर दाजी बाथरूमच्या दाराशी उभे. विचारतात, “राकेशराव, गिझर बंद करता ना?” मला! स्टिकर वाटणाऱ्या माणसाला! मी तिथेच माझं समितीतलं पद सांगितलं. ते आत गेले आणि बटण बंद करून आले. ते माझ्या लक्षात होतंच, जाणारच होतो.
संध्याकाळी ताई म्हणाली, दाजी आज दोनदा मीटर बघून आले. मग विचारलं, सुट्टी घेतली आहेस का, किती दिवसांची? सुट्टी कसली, रोज इथूनच कामाला जातोय. असं म्हटल्यावर तिने तोंड फिरवलं.
बहिणीच्या घरातही माणसाची किंमत राहिली नाही.

८ मे, दुपारी ३
बिल निघालं असेल. निघालो. टोमणा मारायचा नाही असं ठरवलंय. आकडा बघायचा, मान हलवायची, एवढंच. फार झालं तर “शिकलात ना?” एवढं.

८ मे, संध्याकाळी ६
२१२ युनिट.
आधी ओरडलो. मीटर बिघडलाय, कोणीतरी छेडछाड केली आहे, दंड होईल. पौर्णिमा भाजी निवडत होती. काय केलंस, म्हटलं. म्हणाली, वेगळं काही नाही. फ्रिजच्या दाराचं रबर बदललेलंच आहे, मशीन दोन दिवसांनी एकदा लावते, इस्त्री एकदम करते. “दिवाळीत पहिल्यांदा दर वाढले तेव्हापासून करतोय आम्ही. तुम्ही विचारलं नाहीत कधी.”
मग फरक कशाने पडला?
सुप्रियाने फोन पुढे केला. मीटरचे फोटो, तारखेसकट. वीस एप्रिलपर्यंत दिवसाला अकरा, बारा युनिट. एकवीसपासून चार. चार. पाच. चार.
कोणी हसलं नाही. हसलं असतं तर भांडता आलं असतं.
आई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, “बिल वाढंल तर वाढू दे रं. तू घरात नाय तर मला जेवान गोड लागत नाय.”
उठून खोलीत आलो. दार लावलं. हे लिहितोय. घामाने कागद चिकटतोय. एसी लावलेला नाही. लावला की आकडा कोणाचा ते आता सगळ्यांना माहीत आहे.

९ मे, सकाळी ६
रात्री उकडून हॉलमध्ये गेलो. पौर्णिमा काही न विचारता आत सरकली, मला कडेची जागा दिली.
कडेला पंख्याचा वारा पोचत नाही. अजिबात नाही. नुसता आवाज येतो.
एसी घेतल्यापासून, तीन वर्षं, ती त्या जागेवर झोपते.
आत्ता तिने चहा देताना विचारलं, झोप लागली का. लागली, म्हणालो.