पॉवर सप्लायचं किरकोळ काम

मंगळवार, ३ जून. सकाळी ६.४०
माळ्यावरून कॉम्प्युटर खाली काढला. माझा. मी सतरा वर्षांचा असताना अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आणलेला. कीबोर्ड हाच कॉम्प्युटर, तो टीव्हीला जोडायचा, आणि वीज द्यायला विटेएवढा जड पॉवर सप्लाय वेगळा. ऐन परीक्षेच्या वर्षी सप्लाय गेला आणि त्याच्याबरोबर माझं करिअर गेलं. नाहीतर आज मी आवक-जावक विभागात टपालावर शिक्के मारत बसलो नसतो. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मीच सांगितलं आहे.

लेक १५ तारखेला, रविवारी, नोकरीसाठी परगावी चालली आहे. कॉम्प्युटरचीच नोकरी. जाण्यापूर्वी तिने बापाने काय चीज लिहिली होती ते डोळ्यांनी पाहावं, एवढीच इच्छा. चेंडू आणि भिंतीचा खेळ. दोनेकशे ओळी, सगळ्या पाठ. सप्लाय दुरुस्त करायचा, ओळी टाइप करायच्या, संपलं. बारा दिवस आहेत. खरं तर दोन पुरेत.

संध्याकाळी ७
सप्लायला चार स्क्रू. तीन निघाले. चौथ्याचं डोकं झिजलं. आधीच झिजलेलं असावं. बायकोने विचारलं, की हे सामान जेवायच्या टेबलावर किती दिवस राहणार. म्हटलं, उद्यापर्यंत.

गुरुवार, ५ जून
अर्धी रजा टाकली. कारण: पोटदुखी.
सप्लाय उघडला. चौथा स्क्रू आता नाही. त्याच्याभोवतीचं प्लास्टिकही नाही. आत ट्रान्सफॉर्मर, काही बारीकसारीक भाग आणि निळ्या डबीसारखा एक कपॅसिटर. तीन व्हिडिओ लावले, दीड पाहिला. दीडच्या दीड व्हिडिओत दोषी कपॅसिटरच होता. निदान पक्कं. मल्टीमीटरने खात्री करून घ्या असं त्यात म्हणत होते, पण ते नवशिक्यांसाठी.

शनिवार, ७ जून
कपॅसिटर आणला. सोल्डरिंग आयर्न आणलं. सुरुवात करण्यापूर्वी टेबल आवरलं. मग कपाट आवरलं. मग ड्रॉवरमधल्या वायरींचा गुंता सोडवला. तीनदा गॅलरीत जाऊन आलो. एका जागी बसवत नाही. ही म्हणाली, एक तर बस, नाहीतर ऊठ. उठलो.
संकल्प: उद्या नऊला सुरुवात. चहासुद्धा नंतर.

रविवार, ८ जून. दुपारी
साडेअकराला सुरुवात. चहा तीनदा.
कपॅसिटरच्या अंगावर एका बाजूला पट्टी असते. पट्टी म्हणजे प्लस. खूण नेहमी महत्त्वाच्या बाजूलाच करतात, हे सांगायला व्हिडिओ लागत नाही. ही जाता जाता म्हणाली, की पट्टीवर वजाची चिन्हं छापली आहेत. म्हटलं, ती नक्षी आहे. ही शाळेत विज्ञान शिकवते, पण ते पुस्तकी.
डाव्या हाताची दोन बोटं भाजली. सोल्डरिंग मात्र झकास.
४.१०. बटण दाबलं. काही नाही. आवाज नाही, धूर नाही, गरमही नाही. म्हणजे दुरुस्ती सुरक्षित झाली आहे. फक्त वीज येत नाही.

मंगळवार, १० जून
चैन नाही. ऑफिसात आवकची तीन पत्रं जावकमध्ये गेली. साहेब टाकून बोलले. माझं डोकं कुठे गुंतलं आहे हे त्यांना काय कळणार.
लेकीला खेळाबद्दल सांगितलं. चारशे ओळी होत्या म्हटल्यावर ती म्हणाली, बाबा, त्या मशीनच्या मानाने हे बरंच आहे, आणि त्यात काय काय होतं? म्हटलं, बघशीलच. ती हसली आणि बॅग भरायला गेली. तिची खोली रिकामी होत चालली आहे. तिकडे पाहिलं की मी उठतो, स्क्रूड्रायव्हर घेतो, परत ठेवतो. आपला बाप नुसता शिक्केवाला नव्हता एवढं तिला कळायलाच हवं.

गुरुवार, १२ जून
चौकातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. मदत मागायला नाही, दुसरं मत घ्यायला. त्याने झाकण उचललं आणि विचारलं, फ्यूज कुठे आहे. खरोखरच फ्यूज बसवायचे दोन पितळी चिमटे रिकामे होते. मी ते पाहिले होते, पण हवा खेळती राहावी म्हणून ठेवले असावेत असं वाटलं होतं. त्याचं म्हणणं, फ्यूज उडालेला नाही, कुणीतरी काढलेला आहे. दुकानदारी बोलणं. मग त्याने विचारलं, की कपॅसिटर कुणी बसवला. मीच, म्हणालो. तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. सफाई डोळ्यांत भरली असावी. म्हणाला, ठेवून जा, लावण्याआधी मी एकदा बघतो, सोमवारी देतो. सोमवारी लेक इथे असणार आहे का? फ्यूज घेतला आणि निघालो. तो मागून हाका मारत होता. गिऱ्हाईक सोडवत नाही या लोकांना.

शुक्रवार, १३ जून. संध्याकाळी
सगळ्यांना सहाला हॉलमध्ये बोलावलं. टीव्ही जोडला. दोन शब्द बोललो. सहाशे ओळींचा उल्लेख केला.
६.०४. बटण दाबलं.
६.०४. स्फोट.
घरभर अंधार. निळ्या कागदाचे कपटे लेकीच्या घडी केलेल्या कपड्यांवर. जळक्या माशासारखा वास. डोळ्यांना काही झालं नाही ना, हे लेकीने आधी विचारलं. हिने मेन स्विच वर केला, सोफ्यावर पडलेला पट्टीचा तुकडा उचलला आणि माझ्या हातात ठेवला. ओळीने चार वजा.
फ्यूज निकृष्ट असावा.

शनिवार, १४ जून
दादा आला, पुतणीला निरोप द्यायला. घरातला वास कसला म्हणून विचारलं. मी पहिल्यापासून सांगितलं, परीक्षेच्या वर्षापासून. दादा मध्येच म्हणाला, अरे, सप्लाय कुठे बिघडला होता? फ्यूज अण्णांनी काढला होता. परीक्षेला तीन आठवडे उरले होते आणि तू त्या मशीनपुढून हलत नव्हतास. मी म्हणालो, बघा, म्हणजे घरच्यांनीच माझं नुकसान केलं. दादा म्हणाला, शेवटचा पेपर देऊन आलास त्या संध्याकाळी अण्णांनी तो फ्यूज तुझ्या हातात दिला. माझ्यासमोर. तू खिशात घातलास आणि मित्रांबरोबर भटकायला गेलास.
लेक ताट पुढ्यात घेऊन ऐकत होती.
मी म्हणालो, मला असं काही आठवत नाही. दादाचं वय झालं आहे.

रविवार, १५ जून
सकाळी टॅक्सी आली. बॅगा उचलताना लेकीने हळूच विचारलं, बाबा, काका म्हणाले ते खरं आहे का? म्हटलं, बॅगेचा डाव्या बाजूचा पट्टा नीट लाव. ती गेली.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. खरं आहे. खेळ पुढे जात नव्हता. चेंडू भिंतीपर्यंत जायचा आणि परत यायचा नाही. मी दोन महिने त्याच्यापुढे बसलो होतो. का येत नाही ते सापडलं नाही, आणि कुणाला विचारायची लाज वाटली. मशीन बंद पडलं त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. फ्यूज परत मिळाला तेव्हा बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ६
पोचल्याचा फोन आला. खोली बरी आहे, खिडकी मोठी आहे. ही बोलली, मग फोन माझ्याकडे दिला. हवापाणी विचारलं. मग एकदम सांगूनच टाकलं. चेंडूचं, दोन महिन्यांचं, फ्यूजचं.
ती म्हणाली, असं होतं, बाबा, माझंही कितीदा होतं. चेंडू का परत येत नव्हता ते आपण आत्ताच शोधू, मी कागद घेते, तुम्ही ओळी सांगा.
मी म्हटलं, घे.
ती म्हणाली, घेतला, सांगा पहिली.
मी म्हटलं, एक मिनिट. मग म्हटलं, आठवून कळवतो.

संध्याकाळी ७.३०
अजून आठवतो आहे. पहिली.