देवाने दिलेली पांढरी गाडी

मुलुंड (पूर्व),
रविवार सकाळ, चहाच्या आधी

ती. हरेश्वरकाकांना नितेशचा वाकून नमस्कार. (खरं तर वाकता येत नाहीये. काल शोरूमच्या त्या गोल स्टुलावर बसून माझीही कंबर धरलीय, पण मनाने पुरता वाकलोय असं समजा.)

तुमचा खोकला कसा आहे? सुपाऱ्या उतरवायला माणूस मिळाला का? आम्ही इकडे खुशाल, म्हणजे तुमची सून जान्हवी माझ्याशी कामापुरतं बोलतेय आणि तुमची नात निधी तेवढंही नाही. हे सगळं कालच्या प्रकारामुळे. तुम्हाला फोनवर अर्धंच कळलं असणार. बाकीचं लिहूनच कळवतो, कारण फोन लावला की बाबा कान देऊन शेजारी बसतात.

पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा गावाला आले नाहीत. रेल्वे, एसटी, भाड्याची गाडी, सगळे प्रयोग झाले, पण पनवेलच्या पुढे काही जमलं नाही. आणि तुम्ही दर फोनला ‘दादाक एकदा घेवन ये रे, मगे कोण खंय आणि कोण खंय’ असं बोलून फोन ठेवता आणि माझी झोप उडवता. म्हणून गाडी. कोरी परवडत नाही, फार जुनी बाबांना चालत नाही (‘लोकांचो कचरो’), म्हणून नव्यासारखी. गेले कित्येक शनिवार मी त्यांना उपनगरभरच्या गाड्यांत बसवतोय आणि उठवतोय. बाबा बसतात, ‘आवशी गेऽ’ म्हणून कण्हतात, की आपण निघालो पुढच्या शोरूमला. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या पांढऱ्या गाडीत मात्र ते मागे टेकून बसले आणि ‘आवशी गेऽ’ आलंच नाही. मी आणि जान्हवी दाराशी कान लावून. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, ‘एसी कमी कर.’ काका, माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. टायरसुद्धा न बघता मी तिथेच ठरवलं की हीच. (आधीचा मालक वर्षभर वापरून कॅनडाला गेला म्हणे. जाऊ दे बिचारा.)

आता पंचाईत बघा. त्याच गाडीवर आणखी एका गृहस्थांचा डोळा. शेजारच्या टेबलावर बायकोला घेऊन बसलेले, समोर चेकबुक. राजेश नावाचा तो विकणारा मुलगा मला हळूच सांगतो, सर, जो पहिला बुकिंग करेल त्याची. मी मोबाइल काढला, बँकेचं ॲप उघडलं, अंगठा नेला, आणि बाबांनी माझं मनगट धरलं. आधी कौल!

तुम्हाला मी कौलाचं काय सांगू, पण राजेशला सांगावं लागलं. देवाच्या अंगावर दोन बाजूंना पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याने विचारलं, साधारण किती वेळ लागतो? काय सांगू त्याला, कपाळ? डावी पडली म्हणून बाबांनी विरारचा फ्लॅट सोडला होता (जान्हवी दर दिवाळीला आठवण करून देते). नकार आला असता तर बाबा त्या गाडीला पायसुद्धा लावणार नव्हते, आणि न कण्हता बसता येईल अशी दुसरी गाडी मी कुठून पैदा करणार होतो? पण बाबांनी फोन लावला तर तुम्ही गुरवाला घेऊन देवळातच उभे. म्हणजे बाबांनी तुम्हाला सकाळीच तयार ठेवलं होतं आणि मला पत्ता नाही. वा!

मग व्हिडिओ कॉल. बाबांनी त्यांचा मोबाइल नाकाला लावून धरलेला, आम्हाला फक्त त्यांची मान दिसतेय, स्पीकर मात्र फुल. तिकडून गुरवाने गाऱ्हाणं घातलं, ‘बा देवा म्हाराजा! तुझा लेकरू मुंबयत गाडी घेवक उभा ऱ्हवला हा, तेका येस दी रे म्हाराजा!’ आणि काका, आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणायच्या आत शेजारच्या टेबलावरून दणक्यात ‘व्हय म्हाराजाऽ!’ आलं. ते गृहस्थ चेकबुक ठेवून उभे, चपला काढलेल्या, हात जोडलेले. परब. वेंगुर्ल्याकडचे! सवयीने तोंडातून गेलं म्हणाले. म्हणजे माझी गाडी पळवायला बसलेला माणूस माझ्याच गाऱ्हाण्यात सामील. त्यांच्या मागून वॉचमनही ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला, आणि तो तर यूपीतल्या बलियाचा आहे.

मग पाकळी पडेना. माझा अंगठा बँकेच्या ॲपवर तसाच अधांतरी. जान्हवी दातांतल्या दातांत म्हणतेय, भर ना पैसे, काय बघतोयस. राजेश म्हणतोय, सर, बॉस विचारतायत. परबांच्या बायकोने चेकवर नाव घालायला घेतलं, आणि परब तिला म्हणतायत, गप गो, कौल चालू आहे. निधी तोंड लपवून सोफ्यामागे (तिच्या वर्गातली कोणी तरी तिथे गाडी बघायला आली होती). आणि नेमका तेव्हाच व्हिडिओ अडकला. चित्र नाही, आवाज नाही. बाबा दगडासारखे. माझी तर वाटच लागली होती. मग एकदम तुमचा आवाज सगळ्या शोरूमभर घुमला, ‘दिली रे दिली! उजवी दिली!’

मी अंगठा दाबला. परबांनी चेकबुक खिशात घातलं, मला म्हणाले, देवान तुमका दिली, आता आम्ही कशी घेतलंव? आणि त्यांनीच पेढे मागवले. पुढच्या आठवड्यात गाडी ताब्यात येईल आणि लगेच आम्ही निघू. बाबा काल घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आनंदाने असेल असं मी धरून चाललो.

काकूच्या फोटोला माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
नितेश

ता. क. परबांनी तुमचा नंबर घेतलाय. त्यांनाही गाडीचाच कौल हवाय, दुसऱ्या एका गाडीचा. त्यांचा फोन येईल.

दुसरा ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले, चष्मा लावला आणि ‘उजवी दिली’पर्यंत सगळं वाचलं. मग म्हणाले, ‘डावी पडली. चित्र अडकायच्या आधी मी बघलंय. गुरवान कपाळाक हात लावलो, ता पण बघलंय.’ माझा चहा सांडला. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाले, ‘हरी ल्हानपणापासून खोटा बोलता तेव्हा मोठ्यान आराडता. काल तो इतक्या मोठ्यान आराडलो, मी काय बोलू?’

काका, मी तुम्हाला काही विचारत नाही. विनंती एवढीच की परबांना मात्र पडेल तीच बाजू सांगा, भल्या माणसाने माझ्यासाठी गाडी सोडलीय. आणि बाबांचा निरोप जसाच्या तसा लिहितो: ‘हरीक सांग, पडवीत दोन खुर्च्यो घालून ठेव. देवाक काय सांगूचा ता आम्ही दोघा मिळान बघू.’