सोडून दिलेला सूर

गंगाखेड,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय दत्ता भाऊजी यांना,
सत्यशीला वहिनीचा सप्रेम जयभीम.

एवढ्या वर्षांनी माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. पत्ता आमच्या लेकीनं, प्रियांकानं शोधून दिला. ती आता परभणीला नर्सिंग करते. तुम्ही तिला पाहिलेलंच नाही. इकडं पाऊस उशिरापर्यंत लागला. गोदावरीचं पाणी घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत आलं होतं. तुम्ही आणि हे सॅक्सोफोन घेऊन बसायचात ती जागा दोन दिवस पाण्याखाली होती.

तुमच्या अल्बमचं मनापासून अभिनंदन. रविवारच्या पेपरात अर्धं पान आलंय. प्रियांकानं ते कापून ठेवलं. लिहिणाऱ्यानं म्हटलंय, "दत्ता लांबवलेला सूर ऐन भरात सोडून देतात. मधल्या शांततेत ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो, आणि मग तोच सूर ते इतक्या हळू उचलतात की काळीज हलतं. आजच्या जॅझमध्ये अशी शांतता वाजवणारा दुसरा वादक नाही." मला जॅझ कळत नाही, पण वाचून अंगावर काटा आला.

त्याच पानावर तुमची मुलाखत होती. हे सगळं कोणाकडून शिकलात, या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलंय, "गंगाखेडच्या लग्नाच्या बँडमधला नागनाथ. मी त्याला पहिल्या रेकॉर्डिंगला बोलावलं होतं. त्यानं नकार कळवला. ते दुःख अजून आहे."

भाऊजी, त्यांनी नकार कळवला नव्हता.

फोनवर मी एकदा तुमच्याशी खोटं बोलले, म्हणून हे कागदावर लिहिते. तुमचा पहिला फोन आला त्या दिवशी हे बँडबरोबर जिंतूरला लग्नात होते. मोबाइल घरीच होता. तुम्ही म्हणालात, "वहिनी, मंगळवारी मुंबईला स्टुडिओत पायजे म्हणावं. तिकीट मी काढतो." मी म्हणाले, विचारून सांगते. प्रियांका तेव्हा चाळीस दिवसांची होती. माझे वडील मी सहा वर्षांची असताना कामाला म्हणून मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत. आई मरेपर्यंत दाराकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी तुमचा परत फोन आला, तेव्हा हे मागं न्हाणीत होते. मी म्हणाले, "ते न्हाई म्हणतेत. हितंच बरं हाय म्हणतेत." तुम्ही फोन ठेवलात. मी तुमचा नंबर पुसून टाकला.

त्यानंतर कितीतरी वर्षं हे म्हणायचे, "दत्त्या मोठा झाला, इसरला." मी भाकरी थापत ऐकून घ्यायची. डीजे आले, बँड मोडला. नंतर फुफ्फुसाचं दुखणं लागलं. चार वर्षांपूर्वी त्यांनी सॅक्सोफोन शेवटचा पुसून पेटीत ठेवला. दाराशी जाईपर्यंत धाप लागायची.

दिवाळीला प्रियांका घरी आली होती. ती मुलाखत तिनं हौसेनं मोठ्यानं वाचली. मला थांबवता आलं असतं. थांबवलं नाही.

हे म्हणाले, "परत वाच."

तिनं परत वाचलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कदी आलता फोन?"

"पियू चाळीस दिसाची व्हती."

प्रियांकाला म्हणाले, लाव त्याचं. तिनं मोबाइल उशीशी ठेवला. डोळे मिटून सगळा अल्बम ऐकला. बोटं गोधडीवर चालत होती. त्या शांततेच्या जागेला एकदम हसले, हसता हसता ढास लागली. सावरल्यावर म्हणाले, "पोरी, पेपरवाल्याला काय म्हाईत. पूर्ण्याच्या वरातीत धक्का बसून माझा वरचा दात हालला व्हता. लांब सूर धरला की कळ यायची, म्हणून सोडून द्यायचो. दत्त्याला वाटलं, असंच वाजवायचं असतंय." मग म्हणाले, "पण मी दुखलं म्हणून थांबायचो. ह्यो ऐकत थांबायलाय. माझ्याहून लय पुढं गेला."

पेपरात जे लिहून आलंय ते आलंच आहे. त्यांचं हे बोलणं मात्र कुठं छापून येणार नाही, म्हणून शब्दाला शब्द लिहिलं.

पुढचे सहा दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं, औषध घेतलं. रागाचा एक शब्द नाही. मी वाट बघत होते, शिव्या देतील म्हणून. सातव्या दिवशी सकाळी मी पाठ पुसत असताना म्हणाले, "गेलो असतो का न्हाई, मलाबी सांगता येत न्हाई. पण इचारायचं तरी व्हतं."

मी म्हणाले, चुकलं माझं.

ते भिंतीकडं वळले. दुपारी श्वास फारच लागला. रिक्षानं दवाखान्यात निघालो. प्रियांका वाटेतच नाडी धरून बसली होती. तिनंच मला सांगितलं, आई, संपलं. तो दिवस एकतीस ऑक्टोबर.

प्रियांका तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं बरोबर आहे.

सॅक्सोफोन पेटीत आहे. तुम्ही घेऊन जा. माझं तोंड बघायचं नसेल तर प्रियांकाला कळवा, ती परभणी स्टेशनला आणून देईल. आणि पुढं कोणी पेपरवाल्यानं विचारलं तर नागनाथनं नकार दिला असं म्हणू नका. बायकोनं दिला म्हणा. नाव घालून सांगा.

माफी मागत नाही. ज्यांच्याकडं मागायची होती त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

त्यांची बायको असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
सत्यशीला