भंडारा उचलला म्हणून

रविवार, संध्याकाळ. अणदूर.

ताईच्या नवऱ्याचा, दाजीचा, मला राग नेहमीचाच, पण आज त्याच्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, जास्त आला. परवा या अण्णानं दाजीला खंडोबापुढं नेऊन बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. दारू सुटली म्हणे! आज बघतो तर अंग लटलट कापतंय, कपाळावरचा भंडारा घामानं ओघळतोय, अन् भिंतीवर मुंग्या चढल्यात म्हणून ओरडतोय. भिंतीवर काहीच न्हाय.

गावात आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई कालच सांगून गेल्या होत्या की रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर जिवावर बेततं, दवाखान्यात औषध देऊन सोडवावी लागते. ऐकतंय कोण?

अण्णा म्हणतो, "भंडारा उचलल्यावर गोळ्या खायच्या, म्हंजी देवावर भरवसा न्हाय का?"

म्या म्हणलं, "दवाखान्यात जाऊ नका असं देव बोलला का तुमाला?"

"गावोगाव बोंबलत हिंडतोस अन् आमाला शिकवतोस व्हय?"

हिंडतो, खरंय. वाशीच्या बाजारात तर एकदा... जाऊ दे, ते कशाला आत्ता. तो ओघळणारा पिवळा भंडारा डोळ्यापुढनं जात न्हाय.

माझ्या ताईला मारणारा माणूस हा. मेला तर सुटंल ती, असं मनात आलंच. खोटं कशाला लिहू?

पण ताईच पदर खोचून अण्णापुढं उभी राहिली. "देव कोपला तर माझ्यावर कोपू द्या. तू रिक्षा आण रे."

आणली. आता दवाखान्यात आत त्याला सलाईन लावलंय अन् मी बाहेर बाकड्यावर बसलोय. जगायलाच पायजे तो. शुद्धीवर आला की पहिली थोबाडीत मीच देणार.