अपकृत्य आणि भिकाचा कोंबडा

१९ नोव्हेंबर, बुधवार
आयुष्याचं सार्थक झालं! डहाणू रोडच्या ज्येष्ठ नागरिक संघात रविवारी, ३० तारखेला, माझं व्याख्यान. विषय मीच सुचवला: ‘अपकृत्य: इतिहास आणि अर्थ’. अध्यक्ष देवेशभाई म्हणाले, ए शुं छे? म्हटलं, रविवारी कळेल. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकूच्या पेट्या रवाना करता करता मी एलएलबीला तीनदा बसलो आणि तीनदा आपटलो. पण म्हणून ज्ञान कुठे जातं?
संकल्प: रोज तीन पानं लिहायची. उद्यापासून. आजचा दिवस आनंदाचा.

२० नोव्हेंबर, गुरुवार
इतिहास तोंडपाठ. इंग्रजीत टॉर्ट. तो शब्द आला फ्रेंचमधून आणि फ्रेंचने उचलला लॅटिनमधून. मूळ अर्थ पिळलेलं, वाकडं. शेजाऱ्याशी वाकडं वागून त्याचं नुकसान केलंस? मग भरून दे! हे अपकृत्य. गुन्हा वेगळा. गुन्ह्यात सरकार मागे लागतं, अपकृत्यात शेजारी. बायकोला, अहिल्येला, जेवताना समजावलं. ती म्हणाली, भिकाच्या कोंबड्याने कोथिंबीर उकरून ठेवलीय, ते बघा आधी.
भिका म्हणजे आमचा शेजारी. तलासरीत मी घर बांधलं ते त्याच्या भातशेताला लागून. बाहेर जाऊन पाहिलं तर दोन वाफे साफ! नाचावंसं वाटलं. व्याख्यानाला जिवंत उदाहरण घरबसल्या मिळालं.
पानं: शून्य. पण उत्साह!

२२ नोव्हेंबर, शनिवार
जुन्या इंग्लंडात नियम होता. जमिनीत घुसून नासधूस करणारं जनावर जमिनीच्या मालकाने धरून ठेवायचं, भरपाई मिळेपर्यंत सोडायचं नाही. दुपारी अंमलबजावणी केली. पाऊण तास लागला. माझा चष्मा आणि तुळशीची कुंडी कामी आली. कोंबडा आता टोपलीखाली. त्याचं नाव ठेवलं प्रतिवादी.
भिकाला लेखी नोटीस दिली. त्याने दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. म्हणाला, ठेवा भाऊ तुमच्याकडे, मळणी झाली की नेतो. फक्त तुमचं काही खायला घालू नका, दाणे पुतळी आणून देईल. पुतळी म्हणजे त्याची बायको.
घाबरला! आणि पुराव्याला विरुद्ध पक्षाचं अन्न? वा रे वा! मी काय दूधखुळा आहे?

२४ नोव्हेंबर, सोमवार, पहाटे ४
प्रतिवादी आरवला.
४.१०. पुन्हा.
४.२५. समोरच्या मुक्ताबाई गॅलरीत. विचारत होत्या, हा काय उपद्रव? मी आनंदाने सांगितलं की उपद्रव हेसुद्धा अपकृत्यच, व्याख्यानाला या. त्यांनी गॅलरीचं दार आपटलं.
सकाळी पुतळी ओंजळभर नागलीचे दाणे घेऊन आली. बाणेदारपणे परत पाठवली. प्रतिवादीला भिजवलेले बदाम दिले. अहिल्या म्हणाली, मला कधी भिजवून दिलेत?

२७ नोव्हेंबर, गुरुवार
रंगीत तालीम, प्रतिवादीसमोर. इतका एकाग्र श्रोता मी पाहिला नाही. काय तुरा, काय तेज! काजूही खातो. आता मांडीवर बसतो. सोडताना जड जाणार, पण न्याय तो न्याय.
भिका येऊन गेला. मळणी उद्या संपते, शनिवारी खळ्यावर कोंबडा घेऊन या म्हणाला. भरपाईचं काय? म्हणाला, चार माणसं असतील, तिथेच बोलू. पंच! माझी पहिली केस! देवेशभाईंना फोन करून मुद्दाम बोलावलं, विजय बघायला.
पानं: शून्य. खटल्यानंतर आपोआप लिहून होतील.

२९ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
लिहिवत नाही, तरी लिहितो.
खळ्यावर अख्खा पाडा जमलेला. मी झब्ब्यात, प्रतिवादी काखेत, देवेशभाई खुर्चीवर. भिकाने विचारलं, ह्याला काय घातलंत? मी अभिमानाने यादी सांगितली. बदाम, काजू, बेदाणे, रविवारी थोडा शिरा.
पुतळीने कपाळाला हात लावला.
तेव्हा कळलं. मळणी झाली की खळ्याला कोंबड्याचा बळी द्यायचा, मगच भात घरात न्यायचं. आणि कोंबडा घरच्या दाण्यावर वाढलेला हवा. परक्या घरचं खाल्लेला चालत नाही. भिकाकडे हा एकच होता. वर्षाचं भात माझ्या बदामांपायी उघड्यावर पडलं होतं.
पंचांत बुधीबाई सगळ्यात म्हातारी. तिने विचारलं, भिकाच्या कोंबड्याने तुमचं काय खाल्लं? म्हटलं, दोन वाफे कोथिंबीर. आणि तुम्ही भिकाचं काय बिघडवलं? मी सुरुवात केली की लॅटिनमध्ये... ती म्हणाली, ते राहू दे, भाताकडे बघून सांगा.
बघितलं. म्हटलं, जास्त बिघडवलं. फार लाज वाटली. खरंच वाटली.
निकाल दहा मिनिटांत. भिकाच्या भावाच्या घरचा कोंबडा मी उधवा गावाहून आणायचा आणि भाताची पोती मी वाहायची. पुतळी कोथिंबीर पेरून देणार. प्रतिवादी आता तुमचाच, असं भिका म्हणाला. मग मलाच पाणी दिलं. ना वकील, ना तारीख!
अकरा पोती वाहिली. देवेशभाई शेवटपर्यंत थांबले. टाळ्या वाजवत होते. कुणासाठी ते विचारलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
पाठ धरली आहे. अहिल्या शेकतेय आणि हसतेय.
व्याख्यान झालं. विषय तोच, हॉल गच्च. वक्त्या: बुधीबाई. देवेशभाईंनी काल खळ्यावरच ठरवून टाकलं. मला म्हणाले, तमे बाईंना रिक्षाने घेऊन या, आणि त्यांना माईकची सवय नाही, तेवढा धरा.
धरला. पाच मिनिटं बोलली. शेजाऱ्याचं बिघडलं तर आधी जाऊन सांगायचं, मग भरून द्यायचं, मग त्याच्याच ओसरीवर बसून पाणी प्यायचं. एवढंच. लोक उठून उभे राहिले. माझ्या मनातल्या तीस पानांत यातलं शेवटचं वाक्य नव्हतं.
मग देवेशभाईंनी खळ्यावरची हकीकत सांगितली आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, ते बदामवाले गृहस्थ कोण?
मी माईक डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला.