बयोची ओटी

कांदिवली,
९ जानेवारी २०२५

ती. सुलक्षणाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा म्हणाले, आत्याच्या नावाआधी गं. भा. लिहायचं असतं. काका जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती अक्षरं तुझ्या नावाच्या डोक्यावर बसवायची, हे मला जमणार नाही. राग आलाच तर बाबांवर काढ.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईल तू कपाटात साड्यांखाली ठेवला आहेस, म्हणून हे पत्र. नीट पोचलीस ना? तू पहाटे निघालीस आणि त्याच दुपारी बयोची पेटी टेम्पोत चढली. आमच्या रोबोला तू ठेवलेलं नाव आता कॉलेजभर झालंय. सरसुद्धा बयोच म्हणतात. पेटी मात्र झकास झाली. बाबांनी तीनतीनदा मापं घेऊनही झाकण बोटभर आखूड कापलं होतं ते तू पाहिलंसच. सिद्धेशने दुसरं कापलं. आमचा कॅप्टन असला तरी करवतीला हात घालायला लाजत नाही. बाबा अजून म्हणतात की चूक टेपची होती.

पेटी आता अंधेरीला विमानाच्या मालगोदामात आहे. मंगळवारी, एकवीसला, स्पर्धेसाठी ऑस्ट्रेलियाला निघेल. खरं सांगू? मला भयंकर भीती वाटते आहे. पेटी बांधण्याची जबाबदारी माझी होती आणि आत काय काय आहे त्या कागदावर सही माझी आहे. तिकडचे लोक कच्चं लाकूड, माती, धान्य, बी-बियाणं यांना फार जपतात, कीड येईल म्हणून. आपण भट्टीत तापवलेलं, शिक्क्याचं लाकूड शोधत का हिंडलो ते आता तुला कळेल. मागच्या वर्षी दुसऱ्या एका कॉलेजच्या रोबोच्या चाकाला मैदानातली माती निघाली. पेटी तिकडे अडकली ती स्पर्धा संपल्यावर सुटली. आमची दोन वर्षांची मेहनत त्या खोक्यात आहे गं. रोज उठून वाटतं, काहीतरी राहिलं.

आई नमस्कार सांगते. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
अपूर्वा


मिठबाव,
१५ जानेवारी २०२५

चि. अपूर्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. पोस्टमनला थांबवून ठेवलंय, त्याच्या मोबाईलला इथे रेंज नाही, म्हणून पायरीवर बसूनच लिहिते आहे.

बाळ, पेटीत धान्य आहे. मी ठेवलंय.

तुम्ही सगळी पोहे खायला वर गेलात आणि मी खाली पेटीपाशी बसले होते. झाकण नुसतं टेकवलेलं होतं. बयोची बॅटरी वेगळी जायची म्हणून तिची जागा पेटीतल्या स्पंजात रिकामी राहिली होती. त्याआधी तू मला हाताने खुणा करून म्हणाली होतीस, की पोरगी परमुलखात चालली, आत्या, तूच भर हिची ओटी. थट्टा होती ते मला कळत होतं. पण ते खरं धरावंसं वाटलं. हे गेल्यापासून कुणी मला ओटी भरायला बोलावलं नाही. मीही कधी पुढे झाले नाही. काल संक्रांत झाली, वाडीत घरोघर हळदीकुंकू चाललंय, मी दार लोटून आत बसते. तुमच्या पार्किंगमध्ये मला अडवायला कुणी नव्हतं. तुझ्या आईच्या डब्यातले तांदूळ घेतले, नारळ, सुपारी, हळकुंड घेतलं, माझ्याजवळच्या लाल खणात बांधलं आणि त्या रिकाम्या जागेत ठेवलं. मग सिद्धेश आला आणि त्याने स्क्रू मारले.

नारळ शेंडीचा आहे. तो तरी चालतो का गं? मला काही कळत नाही.

हे पत्र मिळताच काहीतरी कर. सगळ्यांना माझं नाव सांग, स्वतःवर घेऊ नकोस. म्हातारी अडाणी आहे म्हण. तुझ्या बाबांना, श्यामकांतदादाला, सांगितलंस तरी चालेल, तो ओरडेल, ओरडू दे.

चुकलेल्या आत्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सुलक्षणाआत्या


कांदिवली,
१८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न.

घाईत लिहिते आहे. पत्र आज मिळालं. वाचत जिन्यातच खाली बसले. पेटी अजून गोदामातच आहे, पण तिला सील लागलंय आणि कागद पुढे गेलेत. ती उघडायची तर अर्ज, परत तपासणी, आणि मंगळवारचं विमान चुकणार. पुढच्या विमानात जागा आहे की नाही कुणालाच ठाऊक नाही.

एक वाईट विचार मनात आला, तो तुला सांगते. गप्प बसावं. कदाचित कुणी बघणारही नाही. तासभर मी तशी गप्प बसले. मग त्या कागदावरची माझी सही आठवली.

सिद्धेशला फोन केला. तो म्हणाला की आपली वाट लागली, आणि फोन ठेवला. सोमवारी आम्ही गोदामात जाणार आहोत. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू जेवत जा. काळजी करू नकोस हे लिहायला मला तोंड नाही, कारण मीच काळजीत आहे.

तुझी,
अपूर्वा


मिठबाव,
२० जानेवारी २०२५

चि. अपूर्वास,
आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. रोज पोस्टमनच्या वाटेकडे बघते, तो लांबूनच मान हलवतो. मला राहवलं नाही म्हणून शेजारच्या सुंदराबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, चांगल्या कामात विधवेने हात घालायचा नसतो हे एवढं वय होऊन तुला कळू नये? रात्रभर तेच डोक्यात होतं. आमच्या सासूबाई मला पांढऱ्या पायाची म्हणायच्या. तेव्हा मी मनातल्या मनात हसायचे. आता हसू येत नाही. तांदळाने नाही, माझ्या हाताने तुझी पेटी अडणार असं वाटतं.

देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं. देवाला म्हटलं, काय घ्यायचं ते माझं घे, त्या पोरांचं नको. तुला रागाने लिहावंसं वाटत असेल तर तेही लिही. पण मला उत्तराविना ठेवू नकोस.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
सुलक्षणाआत्या


कांदिवली,
२३ जानेवारी २०२५

ती. सुलक्षणाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं वीसचं पत्र आज आलं. माझं अठराचं एव्हाना तुझ्या हाती पडलं असेल. आता सगळं नीट लिहिते.

पेटी उघडली. मंगळवारचं विमान गेलं. बयो उद्याच्या विमानात बसेल आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिकडे पोचेल, मध्ये कुठे अडली नाही तर. सगळ्यांपुढे मी सांगितलं की पेटी बंद होताना आत डोकावून बघणं माझं काम होतं आणि मी पोहे खात होते. तुझं नाव सांगितलं, पण चूक म्हणून नाही. पेटीची जबाबदारी आता टीममधल्या स्वरदाकडे दिली आहे. सिद्धेश कामापुरतं बोलतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रडलेसुद्धा. बाबा ओरडले नाहीत. तुझं पत्र वाचलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पण गोदामात काय झालं ते ऐक. तिथल्या तपासणीच्या बाई कडक होत्या. त्यांनी आत हात घालून तुझं लाल गाठोडं काढलं आणि मला बजावलं की यातला एक दाणा जरी आत राहिला तरी पेटी जाणार नाही. त्या हे बोलत होत्या तोवर खणाची गाठ सुटायला लागली. तांदूळ सांडले असते तर संपलंच होतं. माझ्या हातात काही नव्हतं. मी घाबरून ओढणी दोन्ही हातांनी पुढे धरली आणि बाईंनी सगळं तिच्यात ओतलं. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड. मग गाठोडं नीट निघालं म्हणून त्यांनी सुस्कारा टाकला आणि टॉर्चने स्पंज तपासायला लागल्या. मी तशीच उभी राहिले, ओढणीत ते ओझं घेऊन. तू बांधलेली ओटी माझ्या पदरात आली होती आत्या. त्या बाईंना कळलं नाही, सिद्धेशला कळलं नाही. मला कळलं.

आईने त्या तांदळांची नारळाचं दूध घालून खीर केली. सगळी टीम जेवायला आली होती. सिद्धेशने दोनदा वाढून घेतली, तोंड फुगवूनच. सुंदराबाईंना हे जरूर सांग.

बयो वेळेवर पोचेल की नाही, मला ठाऊक नाही. आजही भीती वाटते, उद्या विमान उडेपर्यंत वाटेल आणि उतरेपर्यंत वाटेल. पण ती भीती विमानाची आहे, कागदांची आहे, तिकडच्या साहेबांची आहे. तुझ्या हाताची नाही.

खण मी धुऊन माझ्या बॅगेत ठेवला आहे. तुझा जीव माझ्यावर आहे तसाच असू दे.

तुझी,
अपूर्वा