पारोसे देव

१८ नोव्हेंबर, सोमवार

कुमुदला दुपारी दाखल केलं. हृदयाची एक झडप निकामी झाली आहे, ती बदलायची. शुक्रवारी ऑपरेशन. डॉक्टर इतकं सहज बोलला की नळाचा वॉशर बदलायचाय असं वाटावं. मला तो सहजपणा फार बरा वाटला. मनात त्याला दुवा दिला.

सुधन्वाने रजा काढली. रात्री आईपाशी तोच थांबणार. तनयाला माझ्या सोबतीला इथे गाझियाबादला सोडलं आहे. धुरामुळे शाळा बंद, वर्ग लॅपटॉपवर. गुरुग्रामची दहावी आजोबांच्या जेवणाच्या टेबलावरूनही होते. या असल्या हवेचे आभार मानायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

लिफ्टमध्ये शिरताना कुमुद वळून म्हणाली, “देव पारोसे राहतील हं.” कोणाला म्हणाली कळलं नाही. मला नक्कीच नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत तिने मला देवाचं एकही काम सांगितलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

सकाळी उठून बघतो तर देव्हाऱ्यात वाटी. वाटीत मॅगी.

“हे काय गं?”

“आजी बोलली ना, देव परोसे. मतलब त्यांना परोसायचं. मला हेच एक बनवता येतं, आबा.”

हसू आवरेना. खुर्चीत बसलो, डोळे पुसले, मग सांगितलं. पारोसा म्हणजे ज्याची अजून आंघोळ व्हायची आहे तो. तू आत्ता आहेस ना, तशी. हिंदीतल्या परोसण्याशी, म्हणजे वाढण्याशी, काही संबंध नाही. माझी आई पारोशाने कोणाला देव्हाऱ्यापाशी फिरकू द्यायची नाही. शब्द कसा छान आहे बघ, एका शब्दात सगळी सकाळ...

तनयाने ऐकून घेतलं. म्हणाली, “अच्छा. मग यांची आंघोळ कोण करवणार?”

शब्द समजावायला गेलो आणि अडकलो.

“तू घाल.”

“मला कुठे येतं? तुम्ही तर आजीला रोज बघता.”

बघतो. रोज. पेपरच्या वरच्या कडेवरून.

शेवटी बसलो. ताम्हणात एकेक काढून ठेवले – आईचा गणपती, शंख, कुमुदने माहेरून आणलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. पाणी बर्फासारखं होतं म्हणून गीझरचं कोमट घेतलं. मग थबकलो. कोणाला गार लागणार होतं?

मुकाट्याने पाणी घालणं काही जमेना. भांडी विसळल्यासारखं वाटायला लागलं. मंत्र येत नाहीत. तोंडात आलं ते शांताराम मास्तरांचं – यमाता यमाता यमाता यमाता. भुजंगप्रयात! लघु गुरु गुरु, चार वेळा. पहाडगंजच्या शाळेत आम्ही बाकावर थाप देत म्हणायचो. मास्तर डोळे मिटून ऐकायचे, आणि एखाद्याची थाप चुकली की न बघता त्याचं नाव घ्यायचे. सगळ्या प्रार्थना मला वृत्तामुळेच पाठ झाल्या. अर्थ काय आहे याची चौकशी मी कधी केली नाही. पळीतलं पाणी त्या ठेक्यात फार सुरेख पडतं.

तनया मागे हात जोडून उभी होती. “देवीचा मंत्र आहे ना, आबा? माता येतंय त्यात.”

मी “हं” म्हणालो. मास्तरांनी कान धरला असता.

२० नोव्हेंबर

लग्न ठरताना कॅनॉट प्लेसला भेटलो होतो, तिचा भाऊ दोन टेबलं सोडून बसलेला. मी आधीच सांगून टाकलं – देव मानत नाही, मागाहून फसवलं म्हणू नका. कुमुद म्हणाली, “मला मानणार ना? मग माझं भागेल.”

भागलं. तिने मला हात जोडायला लावले नाहीत. सत्यनारायणाला कायम एकटी बसली, शेजारी माझ्या नावाची सुपारी ठेवून. मीही तिला कधी हसलो नाही. माझं देवाशी भांडण नाही. भांडायला समोर कोणी असावं लागतं. कृषी भवनात पस्तीस वर्षं काढली, तिथे लहानमोठं खोटं बोललो असेन. पण या एका बाबतीत कुमुदशी नाही. ती विचारायची नाही आणि मी खोटं बोलायचो नाही, असं ठरल्यासारखंच होतं.

आजही आंघोळ घातली. तनयाने फुलं आणली, सोसायटीच्या कुंडीतली. माळी ओरडला म्हणे.

२१ नोव्हेंबर

तनयाने आजीला फोनवर सांगून टाकलं, “आबा रोज पूजा करतात, मंत्र म्हणून, चाल लावून.” पलीकडून तिने दोनदा विचारलं, “कोण, आबा?”

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं नीट लिहून ठेवतो.

सकाळी साडेसातला तिला न्यायला आले. हिरवा झगा, हातात बांगड्या नाहीत. त्या हातांकडे बघवेना. सुधन्वा कागदांवर सह्या करत होता. कुमुदने मला खाली वाकायची खूण केली.

“तनी म्हणाली ते खरं?”

“काय?”

“पूजा करता म्हणे.”

“आंघोळ घालतो.”

“अहो, एकदा खरं सांगा. वाटतं ना आता तुम्हाला, की आहे?”

वॉर्डबॉय म्हणाला, “अंकलजी, चलें?” तिने माझी बाही सोडली नाही.

मी म्हणालो, “हो.”

एकच अक्षर. गुरु.

तिने बाही सोडली. चेहरा असा झाला – आता लिहिता येत नाही. दार बंद झालं.

साडेचार तास लागले. बाहेर सगळे आमच्यासारखेच. एक सरदारजी छोटी पोथी वाचत होते. एक बुरख्यातली बाई मणी ओढत होती, मध्येच फोन घेऊन घरी कोणाला तरी दूध नासेल म्हणून सांगत होती. मी आयुष्यभर समजत आलो की माणसं देव मानतात म्हणजे त्यांना तसं पटलेलं असतं. आज त्या बाकांवर पटलंय बिटलंय असं कोणाच्या तोंडावर दिसलं नाही. आत डॉक्टरांनी सगळं काम आपल्या हातात घेतलेलं; बाहेरच्या हातांना काही नाही. मणी ओढता येतात, पान उलटता येतं. माझे हात नुसते गुडघ्यावर होते. मला त्या बाईचा हेवा वाटला.

शेजारी तनया डोळे मिटून पुटपुटत होती. कान दिला. यमाता यमाता यमाता यमाता.

सांगावंसं वाटलं, बाळ, तो मंत्र नाही, तो कवितेचा गज आहे, मोजायचा. नाही सांगितलं. थोड्या वेळाने माझं बोट गुडघ्यावर तिच्याबरोबर पडायला लागलं. तिसऱ्या यमाताला ती घाई करते.

बारा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आला. टोपी काढली, म्हणाला, “माताजी ठीक हैं.”

२३ नोव्हेंबर

ओठ हलवून “पाणी” म्हणाली. नर्सने ओला कापूस ओठांवर फिरवला. मुलगी केरळची, गळ्यात क्रूस, हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. तिचे आभार मानले. डॉक्टरचे मानले. दोन बाटल्या रक्त कोणी दिलं ते कळत नाही, त्याचेही मानले. ही झडप मुळात कोणाच्या डोक्यातून निघाली असेल, त्याचे. तरी आभार उरतात. एवढे कुठे नेऊन ठेवायचे? आयुष्यात पहिल्यांदा ही अडचण आली आहे. सुखाची अडचण आहे, पण आहे.

२६ नोव्हेंबर

देवांना आंघोळ. गंध उगाळायला शिकलो. तनयाची शाळा उघडली, ती गेली. घर फार शांत.

३० नोव्हेंबर, शनिवार

कुमुद घरी आली! चौथ्या मजल्यावरचे शेजारी खुर्ची घेऊन खाली उभे. तिने आधी देव्हारा बघितला. बाळकृष्ण उलटा बसवला होता म्हणे मी, भिंतीकडे तोंड करून. “बारा दिवस शिक्षा केलीत बिचाऱ्याला,” म्हणाली. हसताना टाके दुखले, तरी हसली. तिला हसताना बघून वाटलं, आता काही मागायचं राहिलं नाही.

२ डिसेंबर

तिने नागपूरला सुरेखाला, तिच्या बहिणीला, फोन लावला. मी भाजी निवडत होतो.

“अगं, पौर्णिमेला सत्यनारायण करतोय. आणि ऐक, हे बसणार आहेत. जोडीने. अगं हो, हेच! दुसरे कुठले हे? तूच म्हणायचीस ना, तो माणूस सुपारीच राहणार म्हणून?”

मग कितीतरी वेळ दोघी हसत होत्या. मटार किती सोलले, कळलं नाही.

४ डिसेंबर

पूजा सांगणारे गुरुजी आले. माझं गोत्र विचारलं. कुमुदने सांगितलं. मला आठवलं नसतं.

सोवळं माझ्या मापाचं हवं म्हणाली. सुधन्वाला यादीत लिहून पाठवलं.

बसलो तर काय बिघडतं? दोन तासांचा प्रश्न. तनयाला मॅगी लागते तसं कुमुदला हे लागतं, असं म्हणून बसता येईल. पण ती मला बसलेला बघणार ते वेगळ्या नजरेने. ती समजणार की शेजारी एक जण आहे. आणि तिथे कोणी नसेल. सुपारी निदान सुपारी म्हणून तरी बसते.

६ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं.

दुपारच्या गोळ्या झाल्यावर. म्हणालो, कुमुद, त्या दिवशी मी ‘हो’ म्हणालो ते खरं नव्हतं. मला तसं काही वाटत नाही. तेव्हाही वाटत नव्हतं. तुला आत नेत होते म्हणून म्हणालो. मंत्रसुद्धा मंत्र नव्हता, वृत्ताचे गण होते. आंघोळ मात्र रोज घातली, ती मनापासून. ती कशी मनापासून, ते मला सांगता येत नाही.

तिने ऐकलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“कोमट पाण्याने? तनी सांगत होती,” म्हणाली.

“हो. गार होतं फार.”

मग भिंतीकडे वळून पडली. अठ्ठेचाळीस वर्षांचं एकच तर शिल्लक होतं माझ्याकडे, तिच्याशी खोटं न बोलणं, तेही मोडून तिच्यासमोर ठेवलं. टाके अजून ओले आहेत तिचे. आठ दिवस थांबायला काय झालं होतं मला?

७ डिसेंबर

गोळ्या घेतल्या. बोलली नाही.

८ डिसेंबर

तनयाचा फोन आला. तिच्याशी बोलली. माझ्याशी नाही. देवांना आंघोळ घातली, तोंडाने काही न म्हणता. ती पलंगावरून बघत होती. पेपर नव्हता तिच्या हातात.

९ डिसेंबर, सोमवार

चहा घेताना आपणहून बोलली. कपाकडे बघत.

“त्या दिवशी स्ट्रेचरवर मी नाव घ्यायला गेले, तर आतून काही येईचना. कोणाचं घ्यायचं तेच कळेना. नुसतं पांढरं छत. जन्मभर केलं, आणि ऐन वेळी माझ्यापाशी काहीच नव्हतं. म्हणून तर तुम्हाला विचारलं. तुमचं ते ‘हो’ घेऊन मी आत गेले.”